शाळेचा बँड

सव्वीस जानेवारीची सकाळ. चुलीवर चहा उकळतो आहे. गोठ्यात धार काढायची अजून राहिली आहे. इतक्यात शाळेच्या बाजूने आवाज येतो. धम्, धम्, धम्! त्यावर बिगुलाचा खणखणीत सूर. घरातली पोरं ओरडतात, "फेरी आली, फेरी आली!" आपण हातातले काम टाकून दारात येतो.

पुढे झेंडा असतो. झेंड्यामागे बँड. पहिल्या रांगेत बिगूल आणि बासऱ्या. मागे लहान ढोल, झांजा आणि मोठा ढोल. मोठा ढोल गळ्यात अडकवलेला मुलगा ढोलामागे निम्मा झाकून गेलेला असतो. त्याच्या मागे सगळी शाळा. बँडमधली मुले फुंकतात, वाजवतात आणि पाय मिळवून चालतातही.

दोन मिनिटांत फेरी पुढच्या आळीला जाते. आपण पुन्हा कामाला लागतो. पण त्या दोन मिनिटांसाठी मुलांनी दोन-तीन महिने घाम गाळलेला असतो. त्यांनी काय काय शिकलेले असते, ते आज आपण पाहू.

फुंकर आणि सूर

फुंकर तर आपण रोजच मारतो. गरम दुधावर मारतो. फुंकणीने चुलीत मारतो. फुंकणीही पोकळ नळी, बासरीही पोकळ नळी. मग फुंकणी गात का नाही?

कारण असे. सूर म्हणजे हवेची थरथर. फुंकणीतून हवा नुसती वाहते आणि चुलीत जाते. ती थरथरत नाही. बासरीला मात्र एक भोक असते. आपण त्या भोकाच्या कडेवर फुंकर मारतो. ती कडेवर आपटते. थोडी आत जाते, थोडी बाहेर. आत, बाहेर, आत, बाहेर, असे एका सेकंदात शेकडो वेळा होते. त्यामुळे नळीतली सगळी हवा थरथरू लागते. ही थरथर आपल्या कानापर्यंत येते. तिलाच आपण सूर म्हणतो.

घरी करून बघा. एक रिकामी बाटली घ्या. तोंडाच्या कडेवर आडवी फुंकर मारा. जाड आवाज येईल, भूंऽऽ असा. आता बाटलीत निम्मे पाणी भरा आणि पुन्हा फुंका. आवाज बारीक होईल. पाण्याने जागा अडवली, आतली हवा थोडी राहिली. हवेची नळी आखूड झाली की सूर उंच होतो. लांब झाली की सूर जाड होतो. बासरीवाला बोटांनी भोके झाकतो आणि उघडतो, तेव्हा तो हेच करत असतो. हवेची नळी लांब-आखूड करत असतो.

दुसरा प्रकार पत्तीचा. लहानपणी आपण पिंपळाच्या पानाची गुंडाळी करून पिपाणी वाजवली आहे. तिचे टोक चपटे करून फुंकले की पान थरथरते आणि पिपाणी ओरडते. सनईचे तसेच आहे. सनईच्या टोकाला दुहेरी पत्ती असते. लग्नाच्या बँडमधल्या काळ्या क्लॅरिनेटला एकच पत्ती असते. पत्ती थरथरते आणि नळीतल्या हवेला थरथरवते.

तिसरा प्रकार ओठांचा. शंखाला पत्ती नाही. तुतारीलाही नाही. तिथे वाजवणाऱ्याचे ओठ हीच पत्ती! घोडा नाकातोंडाने फुर्रर्र करतो ना, तसे ओठ थरथरवायचे. पण ओठ घट्ट मिटून, मधून बारीकशी हवा सोडून. शाळेतला बिगूल याच जातीचा आहे. तो तुतारीचा भाऊच म्हणा.

बिगूल हातात घेतल्याबरोबर वाजत नाही. नवा मुलगा जीव खाऊन फुंकतो. तोंड लाल होते आणि बिगुलातून नुसती फूस निघते. मग शिक्षक बिगूल बाजूला ठेवायला सांगतात. नुसत्या ओठांनी आवाज काढायला लावतात. एखादी मोठी माशी भुणभुणावी तसा. वर्गभर माशा! ते जमले की मग बिगूल.

बिगुलाला भोके नाहीत आणि खटकेही नाहीत. मग सूर बदलतात कसे? ओठ आवळून आणि सैल सोडून. ओठ जास्त आवळले की उंच सूर, सैल सोडले की खालचा. पण असे मोजकेच सूर निघतात. बिगुलाचे नेहमीचे इशारे पाच सुरांतच बसवलेले आहेत. म्हणून बिगुलावर वाटेल ते गाणे वाजत नाही. आपले राष्ट्रगीतही एकट्या बिगुलावर वाजत नाही. मधले सूर त्याच्याजवळ नसतातच. "शाळेत चार बिगूल आहेत, मग जन गण मन का वाजवत नाही?" असे मुलांना विचारू नये. तो मुलांचा दोष नव्हे.

ट्रंपेटला तीन खटके असतात. खटका दाबला की हवा एका जादा नळीतून फिरून जाते. नळी लांब झाली, सूर खाली आला. म्हणून ट्रंपेटवर सगळी गाणी वाजतात. ट्रंपेट दिसतो हातभर. पण त्याची गुंडाळलेली नळी सरळ केली तर सुमारे दीड मीटर भरेल. मांडीवर घ्यावा एवढा मोठा युफोनियम असतो. त्याची नळी तर पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. म्हणून त्याचा आवाज रेड्यासारखा जाड.

ही वाद्ये पितळेची असतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. उत्तर प्रदेशात मेरठ नावाचे शहर आहे. तेथे जली कोठी नावाची वस्ती बँडच्या वाद्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. बँडची पद्धत गोऱ्या पलटणींबरोबर आपल्याकडे आली. छावणीतून ती संस्थानांत गेली, पोलिसांत गेली, लग्नाच्या वरातीत गेली आणि शाळेत आली. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले. त्यांनी आपल्या दरबारात विलायती वाद्यांचा बँड ठेवला होता. म्हणजे आपल्या माणसांना बँडची गोडी लागून दोनशे वर्षे झाली.

फुंकायचे कोणी?

आता एक अवघड गोष्ट बोलू.

आम्ही एका गावी साक्षरतेच्या कामाला जात होतो. तेथील शाळेला माजी विद्यार्थ्यांनी बँड दिला होता. मुख्याध्यापिका बाईंनी मुलामुलींची नावे घेतली. चार बिगूल होते आणि शिकणारी मुले बारा.

चार दिवसांनी एक बागायतदार शाळेत आले. म्हणाले, "बाई, आमच्या पोराचं नाव काढा. आमच्या घराण्यात कोणी वाजंत्री झालं नाही." थोडे थांबून पुढे म्हणाले, "आणि एकाच बिगुलाला सगळ्यांनी तोंड लावायचं, हे काही बरं नाही."

दुसऱ्या दिवशी आणखी एक बाप आला. त्याचीही मुलगी बिगुलासाठी निवडली होती. तोही नावच काढायला आला होता. पण त्याचे कारण निराळे होते. तो म्हणाला, "बाई, माझा बाप सनई वाजवायचा. पंचक्रोशीत त्याच्या सनईशिवाय लग्न लागत नव्हतं. पण मांडवात त्याला बसायला जागा नव्हती. उन्हात बाहेर उभं राहून वाजवायचं. सगळ्यांची जेवणं झाली की मागून पत्रावळ मिळायची. मी पण तरुणपणी बँडात ट्रंपेट वाजवला. मग सोडला. म्हटलं, आता हे आपल्या घरात नको. पोरगी शिकते आहे. तिच्या तोंडाला पुन्हा तेच कशाला लावता?"

हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण तो खोटे बोलत नव्हता. आपल्याकडे फुंकायचे काम ठरावीक जातींनी करायचे अशी रीत होती. देवळात गुरव. सनई-चौघड्याला घडशी. लग्नात मातंग आणि होलार समाजाचे वाजंत्री. ही माणसे मोठी कसबी होती. सनईवाला नाकाने श्वास घेतो आणि त्याच वेळी गालात साठवलेली हवा सनईत सोडतो. त्यामुळे सूर तुटतच नाही. पाच मिनिटे म्हणा, दहा मिनिटे म्हणा. हे शिकायला वर्षे लागतात. एवढी विद्या ज्याच्या अंगी, त्याला मांडवाबाहेर उभे केले. सूर सर्वांना हवा होता. सूर काढणारा मात्र जवळ नको होता.

बाईंनी त्याला उपदेश केला नाही. एवढेच म्हणाल्या, "दादा, उद्या सरावाला या. बघा. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

तो आला आणि कुंपणाशी उभा राहिला. मैदानात मुले बिगूल फुंकत होती. त्याची मुलगी गाल फुगवून फुंकत होती. सूर फाटत होता. त्याने एकदा पाहिले, दोनदा पाहिले. मग त्याला राहवेना. तो आत आला आणि म्हणाला, "अगं, गाल नको फुगवूस. सनईला गाल लागतात. याला ओठाचे कोपरे घट्ट धरायचे. पोटातून सोड हवा." आणि त्याने तिच्या हातातला बिगूल घेऊन एक सूर लावला. सगळे मैदान गप्प झाले.

त्यानंतर तो आठवड्यातून दोन दिवस मुलांना शिकवायला येऊ लागला. शाळेत त्याला खुर्ची दिली जाते. चहा सर्व शिक्षकांबरोबर, त्याच कपातून.

बागायतदारांनी मात्र आपले म्हणणे सोडले नाही. त्यांचा मुलगा त्या वर्षी बँडमध्ये आला नाही. सरावाच्या वेळी तो ओट्यावर बसून मांडीवर ताल धरायचा, हे आम्ही पाहिले आहे.

आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. ज्या दिवसासाठी मुले बँडचा सराव करतात, तो हाच दिवस. ज्यांची सनई जगभर गाजली, ते उस्ताद बिस्मिल्ला खाँ काशीचे. वाजंत्र्यांच्याच घराण्यातले. २००१ साली त्यांना भारतरत्न हा सर्वांत मोठा मान मिळाला.

उष्टे आणि जंतू

एकाच बिगुलाला सगळ्यांनी तोंड लावावे का? हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याचे उत्तर जातीत शोधू नये, जंतूंत शोधावे. सर्दी-पडशाचे जंतू लाळेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. ते कोणाची जात विचारत नाहीत.

बिगुलाचे तोंडाकडचे टोक निघते. त्याला माउथपीस म्हणतात. शक्य असेल तर प्रत्येक मुलाला आपले माउथपीस द्यावे. ते जमत नसेल तर दुसऱ्याने वाजवण्याआधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे, स्वच्छ पाण्याने खळबळावे आणि पुसावे. सख्ख्या भावाने वाजवले असले तरी धुवावे. ज्याला सर्दी-खोकला आहे किंवा ओठावर फोड आहे, त्याने बरे होईपर्यंत ढोल वाजवावा.

पुष्कळ लोक म्हणतात, "फुंकून फुंकून पोराला क्षय होईल." हे खरे नाही. क्षय फुंकल्याने होत नाही. तो जंतूंमुळे होतो. क्षयाचा रोगी खोकला की ते जंतू हवेत पसरतात. ज्याला दोन आठवडे खोकला आहे त्याने, बँड असो वा नसो, सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्यावी. दमा असलेल्या मुलाने डॉक्टरांना विचारून मग फुंकावे.

नव्या मुलाला कधी कधी चक्कर येते. भराभर श्वास घेऊन भराभर सोडला की असे होते. घाबरू नये. वाद्य खाली ठेवून बसावे, शांतपणे श्वास घ्यावा. मुलाला उपाशीपोटी सरावाला पाठवू नये. तुडुंब जेवूनही पाठवू नये. दोन घास भाकरी बरी.

पाय मिळवणे

उभे राहून फुंकणे जमले. आता चालायचे. इथे खरी फजिती होते. फुंकण्याकडे लक्ष द्यावे तर पाय चुकतो. पायाकडे पाहावे तर सूर जातो.

म्हणून आधी वाद्य घ्यायचेच नाही. जागच्या जागी पाय आपटायचे. डावा, उजवा, डावा, उजवा. मग तोंडाने चाल म्हणत मैदानात चालायचे. मग ढोलाच्या तालावर. सर्वांत शेवटी हातात बिगूल. लेझीम खेळलेल्या मुलांना हे लवकर साधते. त्यांच्या पायात ताल आधीच बसलेला असतो.

मोठ्या ढोलाचा जोराचा ठोका डाव्या पायाचा. हे एक ध्यानात ठेवले की अर्धे काम झाले. सैनिक जोरात चालतात तेव्हा एका मिनिटाला सुमारे १२० पावले टाकतात. एक पाऊल ३० इंचांचे. म्हणजे मिनिटाला ३०० फूट. लहान मुलांची पावले आखूड असतात. त्यांच्यासाठी ढोलवाल्याने ताल जरा संथ ठेवावा. नाहीतर मागची पहिलीची पोरं धावत सुटतात आणि एखाद्याची चप्पल रस्त्यातच राहते.

रस्ता खडबडीत असेल तर आणखी एक भीती. पाय ठेचकाळला की माउथपीस दातांवर आदळते आणि ओठ फाटतो. म्हणून बिगूल ओठांवर दाबून धरू नये, हलका टेकवावा. गुडघे ताठ ठेवू नयेत. गावातून कोणत्या वाटेने जायचे, ती वाट आदल्या दिवशी मोठ्या माणसांनी पाहावी. दगड उचलावेत, खड्ड्यात मुरूम टाकावा. हे काम आपले आहे, मुलांचे नव्हे.

आता एक मौज सांगतो. लांबलचक फेरीत शेवटच्या मुलांचे पाय ढोलाशी जुळत नाहीत. शिक्षक रागावतात. पण तिथेही नेहमी मुलांचाच दोष असतो असे नाही. नदीच्या पलीकडे कोणी धुणे आपटत असेल तर बघा. आधी कपडा दगडावर पडलेला दिसतो. आवाज मागून येतो. कारण आवाजाला चालत यायला वेळ लागतो. तो एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. १२० पावलांच्या चालीत एका पावलाला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात आवाज १७० मीटरच जातो. म्हणजे ढोलापासून १७० मीटर मागे असलेल्या मुलाला डाव्या पायाचा ठोका ऐकू येतो, तेव्हा पुढची मुले उजवा पाय टाकत असतात! तो मुलगा अगदी बरोबर ऐकून, अगदी बरोबर पाऊल टाकतो आणि तरी त्याचा पाय उलटा पडतो. यावर उपाय सोपा आहे. फेरी लांब असेल तर बँड अगदी पुढे न ठेवता मधे ठेवावा. किंवा मागे आणखी एक लहान ढोल द्यावा आणि त्या ढोलवाल्याने कानाने नव्हे, पुढच्या मुलांचे पाय पाहून ठोका द्यावा.

बँडमध्ये मुलींनी यावे का, असेही कोणी विचारतात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला देशभरातल्या शाळांच्या बँडची अखेरची स्पर्धा झाली. तीत मुलींचे बँड वेगळे होते. ट्रंपेटही मुलींनीच फुंकला आणि मोठा ढोलही मुलींनीच वाहिला. आपल्याकडे बायका डोईवर दोन हंडे आणि कडेवर पोर घेऊन चढ चढतात. बिगुलाचे ओझे ते केवढे!

फेरी संपली की

फेरी शाळेत परत येते. झेंड्याला सलामी होते. खाऊ वाटतात. तेव्हा बिगूलवाली मुले एक गंमत करताना दिसतात. ती बिगूल तिरपा करतात आणि आतून पाणी गळते. बघणारे नाक मुरडतात. म्हणतात, "शी, केवढी ही थुंकी!" ती बहुतेक थुंकी नसते. आपला श्वास ओला आणि उबदार असतो. तो थंड पितळेला लागला की त्याचे पाणी होते. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटते, तसेच हे. थंडीच्या सकाळी जास्तच.

हे पाणी आत राहू दिले तर वाद्य खराब होते. म्हणून ते झटकून काढायचे, वाद्य मऊ फडक्याने पुसायचे आणि कोरडे करून पेटीत ठेवायचे. घरची पितळी भांडी आपण चिंच आणि राख लावून घासतो. बँडच्या वाद्याला मात्र चिंच-राख लावू नये. वरचा चकचकीत थर जातो. खटक्याच्या वाद्यात राखेचा कण अडकला तर खटका बसतो तो बसतोच. ढोलाचे चामडे असेल तर ओल आणि उंदीर यांपासून जपावे. वाद्याला पोचा आला तर घरी हातोडी घेऊन बसू नये. बँडवाल्या कारागिराकडे न्यावे.

त्या गावच्या शाळेत हे काम त्या बापाची मुलगीच करते. सगळी मुले घरी गेली की ती चार बिगूल पुसते, माउथपीस धुऊन उन्हात पालथी घालते, मोजते आणि पेटीला कुलूप लावून किल्ली बाईंकडे देते.